नाकाच्या वाटेने

ऋजुता आणि धैर्यशील यांचं लग्न जमवलं ते पाटणच्या एका दातांच्या डॉक्टरनं.

दिवेकर डॉक्टरांच्या पेशंटमध्ये दोघं जण असे होते की ज्यांच्याबद्दल ते घरी जेवताना बायकोशी बोलायचे. एक होती भूमापन कार्यालयात नकाशे करणारी मुलगी. तिला जन्मापासून कसलाच वास येत नव्हता. दाढ आतून पार सडली तरी तिला पत्ता नव्हता. दुसरा होता वरच्या पठारावर पवनचक्क्या दुरुस्त करणारा तरुण. त्याच्या अंगाला नासलेल्या मासळीसारखा वास यायचा. तो दिवसातून तीनदा अंघोळ करायचा, पण दोष कातडीवर नव्हताच. त्याच्या यकृतात एक विकर जन्मतः निकामी होतं. त्यामुळे अन्नातला एक पदार्थ न मोडता तसाच घामातून, श्वासातून बाहेर पडायचा. त्यावरचं औषध दोन हजार एक्केचाळीस साल उजाडलं तरी उंदरांच्या पुढे सरकलं नव्हतं.

डॉक्टरांनी एका शनिवारी दोघांनाही मुद्दाम अकराची वेळ दिली. धैर्यशील नेहमीप्रमाणे खिडकीला चिकटून, दाराबाहेर पडायच्या तयारीत बसला होता. ऋजुता आली आणि बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या असताना नेमकी त्याच्या शेजारी बसली, कारण पंखा तिथंच होता. तो उठायला लागला.

"बसा ना," ती म्हणाली.

"तुम्हाला त्रास होईल."

"कसला?"

पुढं कुणी विचारलं, की धैर्यशील सांगायचा, "मी त्या 'कसला'शी लग्न केलं."

लग्नानंतर दोघं पठारावरच राहायला गेली. कंपनीनं दिलेलं दोन खोल्यांचं घर, सभोवार दगडी सडा आणि त्यावर नजर पोचेल तिथपर्यंत फिरणाऱ्या पांढऱ्या पात्या. वाऱ्याला तिथं कधी सुट्टी नसायची. लहानपणापासून शाळेत एकटा बाकावर बसलेला, लग्नकार्यात मांडवाबाहेर जेवलेला हा माणूस पहिल्यांदाच कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपू लागला. ऋजुता सकाळी खाली पाटणला जायची. सातबारा आता उपग्रहावरून आपोआप बदलत असे, पण बांधावरच्या भांडणाला अजून माणूसच लागायचं. संध्याकाळी ती परत येईपर्यंत तो भात टाकून ठेवायचा. पाच वर्षं अशी गेली. दोघांनाही वाटायचं, आपल्याला मिळालं ते पुष्कळ आहे.

फक्त मूल होत नव्हतं.

ऋजुताची पाळी कधी आपण होऊन आलीच नव्हती. सतराव्या वर्षी गोळ्या सुरू झाल्या तेव्हा आली, तीसुद्धा गोळ्या थांबवल्या की थांबायची. लग्नानंतर इंजेक्शनं झाली. दोन्ही वेळा अंडाशय नको तितके सुजले आणि पोटात पाणी साठून ती अकरा दिवस रुग्णालयात राहिली. मग कमरेला लावायचा छोटा पंप आला. त्यावर एकदा दिवस गेले, पण नवव्या आठवड्यात गर्भ गळाला. पुढच्या खेपेला त्याच औषधानं अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला आणि तीही वाट बंद झाली. त्यानंतर वर्षभर दोघांनी हा विषय घरात काढला नाही.

तो काढला कराडच्या डॉक्टर सलमा मुजावर यांनी. नदीकाठच्या नव्या रुग्णालयात त्या एका वेगळ्या उपचारावर काम करत होत्या. त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि एका कागदावर पेन्सिलीनं माणसाचं डोकं काढलं.

"ऋजुता, तुझी बीजं जागच्या जागी आहेत. ती झोपलीत. मेंदूच्या तळाशी जेमतेम दीड-दोन हजार पेशी असतात. त्या दर तास-दीड तासानं एक ठोका देतात. तो ठोका खाली ग्रंथीला पोचतो, ग्रंथीकडून अंडाशयाला आणि मग एक बीज जागं होतं. बाईचं सगळं चक्र या ठोक्यावर चालतं. तुझ्या मेंदूत ठोका देणारं कुणी नाहीच."

"का नाही?"

"कारण त्या पेशी मेंदूत जन्मत नाहीत. त्या जन्मतात नाकात." डॉक्टरांनी चित्रातल्या नाकावर टिंब काढलं आणि तिथून वरती एक रेघ नेली. "आईच्या पोटात असताना, अगदी सुरुवातीच्या दिवसांत, त्या नाकापासून चालत निघतात. वास नेणाऱ्या तंतूंचा हात धरून वर मेंदूत पोचतात आणि कायमच्या तिथं राहतात. तुझ्या बाबतीत तो रस्ता झालाच नाही. म्हणून तुला वास नाही, आणि म्हणूनच पाळी नाही. दोन वाटतात, पण दुखणं एकच आहे."

ऋजुता त्या पेन्सिलीच्या रेघेकडे बघत राहिली. आपल्यात कुणीतरी प्रवासाला निघालं होतं आणि दारातच थांबून राहिलं, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

उपचार ऐकायला सोपा होता. तिच्या दंडाची चिमूटभर कातडी घ्यायची, तिच्यातून त्या चालणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत घडवायच्या आणि नाकाच्या छताशी एका मऊ, विरघळणाऱ्या नळीत सोडायच्या. पुढचं त्यांचं त्या बघतात. दिवसाला केसाच्या जाडीएवढं अंतर कापत चार महिन्यांत त्या पोचतात. आजवर चार जणींवर झालं होतं. चौघींनाही आपोआप पाळी सुरू झाली होती, दोघींना मुलं झाली होती. बाळाला हा दोष किंवा धैर्यशीलचा आजार होण्याची भीती नाही, हे तपासण्यांत आधीच दिसलं होतं.

"एक गोष्ट सांगून ठेवते," डॉक्टर म्हणाल्या. "या पेशी एकट्या चालत नाहीत. सोबतीला वासाच्या पेशी सोडाव्याच लागतात. म्हणजे तुला वास येऊ लागेल. चौघींपैकी एकीला ते सोसलं नाही. त्यासाठी नाकात मारायचा एक फवारा आहे. पहिला वास आल्यापासून चार महिन्यांच्या आत तो वापरला, तर वासाच्या पेशी मिटतात आणि ठोका तसाच राहतो. चार महिने उलटले, की जोडण्या पक्क्या होतात. मग नाही."

धैर्यशील तोपर्यंत पुढं वाकून ऐकत होता. तो हळूच मागे टेकला.

घाट चढताना त्यानं एका वळणावर गाडी बाजूला घेतली.

"मी नको म्हणणार नाही," तो म्हणाला.

"मग थांबलास का?"

"असंच. पाच मिनिटं."

वैशाखात नळी बसवली. नंतर काहीच घडलं नाही. ऋजुता कामाला जात होती, येत होती. पण श्रावण लागता लागता तिची स्वप्नं बदलली. आजवर तिच्या स्वप्नांत चित्रं असायची, आवाज असायचे. आता त्यात आणखी काहीतरी असायचं, ना दिसणारं ना ऐकू येणारं. स्वप्नात ती आजोळच्या परसात उभी असायची आणि ते परस भरलेलं असायचं, कशानं ते सांगता यायचं नाही. पाण्यात उतरावं तशी ती त्यात उतरायची. जाग आल्यावर खोली अर्धी रिकामी वाटायची.

"पोचत आल्यात," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "जागेपणी कळायच्या आधी झोपेत कळतं. बाकीच्यांनाही असंच झालं होतं."

भाद्रपदात सड्यावर धुकं उतरलं होतं आणि खडकांच्या सांध्यांतून जांभळी, पिवळी इवली फुलं वर आली होती. ऋजुता सकाळी जीपच्या थांब्याकडे निघाली होती. एकाएकी तिला वाटलं, मागे कुणीतरी आलंय. तिनं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पुन्हा तसंच वाटलं, या वेळी आत, डोळ्यांच्या मध्ये. तिनं श्वास घेतला की ते यायचं, सोडला की जायचं. तिला समजायला बराच वेळ लागला. समजल्यावर ती खडकावर बसली आणि समोरचं एकेक उचलून नाकाशी नेऊ लागली. ओला दगड, गवताची काडी, फूल, स्वतःचं मनगट, डब्याची पिशवी. प्रत्येक गोष्टीला आणखी एक बाजू होती आणि ती तेहतीस वर्षं तिच्यापासून लपून राहिली होती. धुक्यात पात्या दिसत नव्हत्या, त्यांचा घूं घूं आवाज तेवढा येत होता. जीप आली, थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली. ऋजुता उठलीच नाही.

तिनं धैर्यशीलला फोन लावला. "आला," एवढंच तिला बोलता आलं.

पलीकडे वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "छान झालं गं." आणि त्या दिवसापासून तो घरी येईनासा झाला.

म्हणजे यायचा, पण ती कामावर असताना. भात टाकून जायचा. फोनवर कारणं सांगायचा, कामाच्या पाळ्या वाढल्यात, वरिष्ठ आलेत, एकतीस नंबरची चक्की त्रास देतेय. तो चक्कीच्या पायथ्याच्या हत्यारांच्या खोलीत झोपत होता. घरात त्यानं साबणाच्या पाण्यानं भिंतीसुद्धा धुतल्या होत्या, चादरी नव्या आणल्या होत्या. ऋजुताला घरात फक्त साबणाचा वास यायचा.

आश्विनात, एका मंगळवारी, कार्यालयात नकाशा जुळवत असताना तिला पाळी आली. गोळी नाही, सुई नाही. आपली आपण. तिनं टेबलाला धरून डोळे मिटले. दीड-दोन हजार वाटसरू मुक्कामी पोचले होते आणि कामाला लागले होते.

ही बातमी तिनं सासूबाईंना कळवली, तशा त्या दुसऱ्या दिवशी गावाहून आल्या. हेळवाकजवळच्या गावात शेतीत राबलेली, कमी बोलणारी बाई. त्यांनी ऋजुताच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तो फवारा मारून टाक, पोरी."

"आई, का पण?"

"तुला ठाऊक न्हाई म्हणून सांगते. मी आई हाय त्याची. पण त्याला पोटाशी घेताना मी श्वास रोखायची. कुणाला दिसू दिलं न्हाई कधी. त्याला तेवढं कळायचं. सात वर्षांचा झाला आन् यायचाच बंद झाला जवळ." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तू येकलीच अशी हायेस, की जिच्याजवळ तो मोकळा श्वास घेतो. तेवढं त्याचं काढून घेऊ नकोस."

सासूबाईंना जीपमध्ये बसवून ऋजुता तशीच एकतीस नंबरकडे चालत गेली.

धैर्यशील पायथ्याशी वर चढताना बांधायचे पट्टे आवरत होता. ती येताना दिसताच तो चटकन सरकला आणि वारा तिच्याकडून आपल्याकडे येईल असा उभा राहिला. आयुष्यभर तो असाच उभा राहत आला होता. ती थांबली की तो थांबायचा, ती वळली की तो वळायचा.

"हे काय लंगडी खेळतोयस का माझ्याशी?" ती ओरडली.

"ऋजू, तिथूनच बोल."

"पाळी आली मला."

त्याचा चेहरा उजळला, हात पुढं आले आणि तिथंच थांबले. तेवढ्यात ती धावत आली आणि तिनं त्याच्या छातीत नाक खुपसलं. तो ताठ झाला. तिनं दीर्घ श्वास घेतला. मग आणखी एक.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "कसा आहे?"

"मोठा आहे."

"म्हणजे?"

"आवाज मोठा असतो ना, तसा."

"वाईट?"

"वाईट कसा असतो ते मला अजून कुणी शिकवलं नाही," ती म्हणाली.

ते खरंच होतं. डॉक्टर मुजावर यांनी तिला सांगितलं होतं, की बरेचसे वास चांगले की वाईट हे माणूस लहानपणी आजूबाजूच्यांचे चेहरे बघून शिकतो. ऋजुताचं ते शिक्षण व्हायचंच होतं. त्या दिवशी ती त्याला घरी घेऊन आली. ते दिवस दोघांनाही अधांतरी तरंगत असल्यासारखे गेले. संध्याकाळी पायरीवर बसून ती हवेत नाक उचलायची आणि विचारायची, "हे काय?" तो ओळखून सांगायचा. "कुणीतरी कुरण पेटवलंय." "हे?" "ग्रीस. माझ्या हाताचं." "आणि हे गोडसर?" "ते मला नाही येत. तुझ्याच नाकाला येतं." कार्तिकात तिला दिवस गेले.

आणि शिक्षण पूर्ण झालं. आधी बाजारात. मासळीवाल्या बाईसमोरून जाताना ऋजुताला घरची आठवण होऊन बरं वाटलं, इतक्यात पुढची बाई नाकाला रुमाल लावून झपाट्यानं निघून गेली. ऋजुता तिथंच उभी राहिली. सगळं जग धैर्यशीलकडे कसं बघतं ते तिला त्या रुमालावरून कळलं. पुढच्याच आठवड्यात ओकाऱ्या सुरू झाल्या. चहा, फोडणी, शिजणारा भात, कार्यालयातली छपाईची शाई, काहीच सोसेना. आणि सगळ्यांत जास्त तोच. तो दारात आला की तिच्या पोटात ढवळून यायचं. तिनं लपवायचा प्रयत्न केला. एका सकाळी तो पाण्याचा तांब्या घेऊन वाकला, आणि तिनं श्वास रोखला.

त्याच्या लक्षात आलं. त्यानं तांब्या शांतपणे खाली ठेवला, फळीवरची, डॉक्टरांनी दिलेली फवाऱ्याची बाटली तिच्या उशाशी आणून ठेवली आणि अंथरूण गुंडाळून काखेत मारलं.

"डॉक्टरांना विचारलंय मी," तो म्हणाला. "फवारा नाकातच राहतो, बाळापर्यंत जात नाही. अजून नऊ दिवस आहेत. मार. नाही मारलास तरी माझी काही तक्रार नाही. मी तिकडं राहीन, इथलं सगळं बघीन. पण श्वास रोखू नकोस माझ्यासमोर. ते एक मला नाही झेपत."

तो गेला. ऋजुता बाटली हातात घेऊन दिवसभर बसून राहिली. एक दाब, आणि ती पुन्हा पूर्वीची होणार होती. तिचा नवरा खांद्यावर डोकं ठेवून झोपणार होता. त्या बदल्यात धुक्यातला तो ओला दगड जाणार होता, गवत जाणार होतं, जन्माला येणाऱ्या बाळाच्या टाळूचा वास जाणार होता. धैर्यशीलसाठी ती हे सगळं देऊ शकली असती. तिचं अडत होतं ते दुसऱ्याच ठिकाणी. ज्या बाईला त्याचा वास येतच नव्हता, तिनं त्याला जवळ केलं यात त्या बाईनं केलं तरी काय होतं?

चार वाजता ती पातेलं घेऊन निघाली. वाटेत दोनदा बसली. हत्यारांच्या खोलीचं दार ढकलून आत गेली, त्याच्या समोर बसली, त्याच्याकडे बघत तिनं मोकळा श्वास घेतला आणि पातेल्यात भडाभडा ओकली.

"अगं, बाहेर चल!" तो तिला धरायला उठला.

"बस खाली." तिनं तोंड पुसलं. "ऐक. वाईट आहे तुझा वास. मला आता कळतं. कुणी तुला हे तोंडावर सांगितलं नसेल, मी सांगतेय. मला मळमळतं. पण मला सध्या भातानंही मळमळतं. भाताला कुणी घराबाहेर काढलंय का?"

धैर्यशील खाली बसला.

"मी श्वास रोखणार नाही आणि फवाराही मारणार नाही. ओकायला आलं तर तुझ्यासमोर ओकीन. तू पाठ चोळायची. मग आपण झोपायचं. जमेल?"

त्यानं पातेलं उचललं, बाहेर नेऊन धुऊन आणलं आणि तिच्या शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. ती आणखी एकदा ओकली. हात तसाच राहिला.

डॉक्टर मुजावर यांचा फोन आला तेव्हा दोघांच्या लक्षात आलं, की फवाऱ्याची मुदत आदल्याच दिवशी संपून गेली.

ओकाऱ्या माघात थांबल्या. डॉक्टर म्हणाल्या, की दिवस गेल्यावर ठोका देणाऱ्या पेशी आपोआप गप्प होतात, त्यांचं काम तूर्त झालेलं असतं. ऋजुताला ते ऐकून बरं वाटलं. एवढं चालून आलेल्यांना थोडी विश्रांती हवीच. मुलगी श्रावणात झाली, कराडला, सव्वातीन किलोची. तिथून बाळंतपणाच्या विश्रांतीला ऋजुता वाईला माहेरी गेली. तिथं शेक-शेगडी होती, धुरी होती, तेल होतं, बाळंतशोपा होत्या. बाळाच्या डोक्याला जो वास होता त्याला कुणाकडेच नाव नव्हतं. तिनं आईला विचारलं, आई नुसती हसली.

सगळं चांगलं असूनही ऋजुताला झोप लागेना. कशानं ते तिला चाळीस दिवस उमगलं नाही. एकेचाळिसाव्या दिवशी दुपारी तिनं धैर्यशीलला फोन केला.

"आम्हाला न्यायला ये."

"अजून दोन महिने राहायचं ठरलंय ना? काय झालं?"

"इथं घराला वास नाही," ती म्हणाली.

तो संध्याकाळी आला. सवयीप्रमाणे घरात न शिरता गल्लीतच गाडीपाशी थांबला. ऋजुता मुलीला दुपट्यात गुंडाळून बाहेर आली आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. आई पिशव्या ठेवून गेली. धैर्यशील गाडी कायम काचा उघड्या ठेवून चालवायचा, अगदी डिसेंबरच्या थंडीतसुद्धा. आताही त्या उघड्याच होत्या. कृष्णेवरून गार वारा येत होता.

"वारं लागतंय तिला," ऋजुता म्हणाली. "काचा वर घे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या बाजूची काच वर गेली, त्याच्या बाजूची गेली, मागच्या दोन्ही गेल्या. गाडीत आता वारा नव्हता. ऋजुतानं मोकळा श्वास घेतला आणि मुलीला त्याच्या हाताजवळ सरकवून डोळे मिटले. गाडी वाईच्या बाहेर पडायच्या आत दोघी झोपल्या होत्या.